पितळी खलातलं तळं

बालाजी,

तुझ्या तेराव्याला मी जेवलो नाही. पानावरून उठलो आणि सरळ लातूरच्या बसस्टँडवर येऊन नांदेडची गाडी पकडली. लोकांना वाटलं, जिवाचा मित्र गेला, घास उतरत नसेल. मी वाटू दिलं. खरं हे आहे की पंगत बसायच्या आधी शोभावहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं, कपाटाच्या तळातून एक पिशवी काढून हातात दिली आणि म्हणाल्या, "भाऊजी, दवाखान्यात जाताना म्हणले होते, माझं काही झालं तर ही गौतमलाच दे, दुसऱ्या कुणाला दावू नको." पिशवीत तुझ्या मायचा पितळी खल होता, बत्त्यासकट. एक वही होती. आणि वर्तमानपत्रात बांधलेला मुठीएवढा दगड होता. वही मी तिथंच उभ्या उभ्या वाचली. त्यानंतर तुझ्या नावाचा घास मला कसा जाणार होता?

त्या दिवसापासून तुला शिव्या देऊन राहिलोय. घरात देतो, रस्त्यानं चालताना देतो. बायको म्हणते, गेलेल्या माणसाला असं बोलू नये. मी म्हणतो, गेला म्हणूनच बोलतोय, जिवंत असता तर लातूरला जाऊन गचांडी धरली असती. ती सोय तू ठेवली नाहीस.

तुला सांगायची गरज नाही, पण हे आणखी कुणी वाचलं तर त्याला कळायला हवं की दोन म्हातारे एका तळ्यावरून का भांडत होते. मराठवाड्याचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, थरावर थर. एक थर थिजला की पुढचा येईपर्यंत मध्ये हजारो वर्षांची उसंत असायची. त्या उसंतीत खोलगट जागी पाणी साचायचं, गाळ बसायचा, गोगलगायी जगायच्या आणि मरायच्या. मग पुन्हा वरून लाव्हा. म्हणून विहीर खणताना काळ्या दगडाच्या मध्येच कधी हातभर जाडीची पांढुरकी, हिरवट पट्टी लागते आणि तिच्यात तांदळाएवढे शंख सापडतात. विहीर खोदणारे तिला शाडूची पट्टी म्हणायचे. आपणही तेच म्हणायला लागलो.

ही पट्टी लातूरकडच्या विहिरींत होती, मुखेडच्या विहिरींत होती आणि पार किनवटला रेल्वेलाईनजवळच्या ओढ्यातही होती. प्रश्न एवढाच होता की ही एकाच प्राचीन तळ्याची पट्टी, का तीन वेगळ्या डबक्यांची? नुसत्या डोळ्यांना तिन्ही सारख्याच दिसत. पण गाळात लेशमात्र धातू असतात, निकेल, कोबाल्ट, तांबं, जस्त. डाळीत हिंग असावा तेवढेच. तरी एका घरच्या डाळीला एकाच हिंगाचा वास येतो. धातूंचं प्रमाण जुळलं तर तळं एक, न जुळलं तर वेगळी. मी थर शोधायचे, दगड आणायचे. तू ते कुटून यंत्रावर धातू मोजायचे. हा आपला करार होता, एम.एस्सी.च्या होस्टेलात झालेला.

लातूर तेव्हा नुकताच उस्मानाबादेतून फुटून जिल्हा झाला होता. जिकडंतिकडं नव्या पाट्या, भाड्याच्या गोदामांत साहेब लोकांची टेबलं. त्यातल्याच एका गोदामात तुझी प्रयोगशाळा होती, पाण्याचे आणि दगडांचे नमुने तपासायची. मी नांदेडला कॉलेजात लेक्चरर लागलो होतो, अजून कच्चा, पीएच.डी. झाली तर पक्का. आणि पाऊस हुकला, पुढच्या साली पुन्हा हुकला. गावोगाव लोक विहिरी खोल करायला लागले. जिथं आपल्याला एक थर बघायला महिना लागला असता, तिथं दिवसाला तीन-तीन विहिरी उघड्या मिळत होत्या. दुष्काळ आपल्या पथ्यावर पडला, हे वाक्य आपण एकमेकांतसुद्धा हळू आवाजात बोलायचो.

मुखेडची ती विहीर आठवते? माझ्याच गावाजवळची. मी चाळीस फूट खाली, कंबरेला दोर, आणि दोराचं टोक तुझ्या हातात. वरून एक ढेकूळ सुटलं, माझ्या पायाखालची कपार गेली आणि मी लोंबकळलो. तुझे तळहात सोलून निघाले, पण दोर तू वितभरसुद्धा सैल सोडला नाहीस. वर आल्यावर म्हणालास, "लेका, वजन कमी कर, न्हाईतर बारक्या विहिरी शोध." तो दोर धरणारा माणूस आणि ही वही लिहिणारा माणूस एकच, हे मला अजून जुळवता येत नाही.

आता खलाची गोष्ट. ती आपल्या दोघांचीही आहे, हे मी नाकबूल करत नाही.

आपण तुझ्या गावी, अहमदपूरकडे, तुमच्या विहिरीतले दगड काढायला गेलो होतो. ओसरीवर बसून मी तुला बजावत होतो, "बारीक कुटायला लोखंड अजिबात नको. लोखंडातून निकेल उतरतं, क्रोमियम उतरतं. सगळी मेहनत मातीत जाईल."

"मग कशात कुटावं? अकीकच्या दगडाचा खल मागवलाय ऑफिसनं, त्यातनं काही उतरत न्हाई. पण फाईल अजून जुन्या जिल्ह्यातच फिरून राहिली."

माय चुलीपाशी बसून ऐकत होती. ती उठली आणि तिच्या चटणीचा खल पदरानं पुसून आपल्यासमोर ठेवला. "ह्यात कुटा. माझ्या लग्नातला हाय. लोखंड न्हाई, चोख पितळ हाय."

मी म्हणालो, "माय, लई बेस." तू म्हणालास, "गोली मार अकीकला." दोन एम.एस्सी. झालेले गडी, त्यातला एक धातू मोजण्यातच पगार घेणारा, आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. लोखंडाला एवढे भ्यालो होतो की पितळ आपल्याला देवघरातलं वाटलं. लाव्ह्याखाली गारगोटीसारखे कडक झालेले ते दगड तू त्या खलात वर्षभर कुटलेस. लातूरचे, मुखेडचे, किनवटचे.

आकडे आले ते बघून मी तुझ्या गोदामात नाचलो होतो. निकेल आणि कोबाल्ट तिन्ही ठिकाणी वेगवेगळे, पण तांबं आणि जस्त बघावं तर तिन्हीकडं एकाच मापात. आपल्या काळ्या दगडात तांबं मुळातच असतं, त्यामुळं शंका कुणाला आली नाही. निकेल, कोबाल्टला मी बेभरवशाचे ठरवून प्रबंधाच्या शेवटी एका परिच्छेदात निजवलं. किनवट ते लातूर एकच तळं. मीच ते पहिल्यांदा म्हटलं.

बापाला सांगायला मी मुखेडला गेलो तेव्हा तू बरोबर होतास. माझा बाप बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडलेला माणूस. दगडाची त्याला ओळख होती, पण असली नव्हती. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "येवढं मोठं तळं, आन् मालक कोण?"

"कुणीच न्हाई, बा. माणूसच जन्मला नव्हता."

"म्हंजी पाण्याला कुणालाच मनाई न्हाई."

"न्हाई."

मग तो तुझ्याकडं बघून म्हणाला, "चांगलं तळं हुडकलं पोरांनी." ज्यानं लहानपणी पाणवठ्यावर वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेतलं होतं, त्या माणसाला मी त्याच्याच पायाखाली एक तळं काढून दिलं होतं. तो तेवढं घेऊन गेला. तू तिथं मांडी घालून बसला होतास, बालाजी. माझ्यासाठी ते तळं काय होतं हे जगात तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

आणि वहीत काय लिहिलंय? अकीकचा खल अखेर आला. माझा प्रबंध विद्यापीठात जाऊन चार महिने झाले होते, व्हायवा पंधरा दिवसांवर होता. नवा खल आला म्हणून तू सहज, हौसेनं, मुखेडचे आणि लातूरचे उरलेले तुकडे त्यात कुटून पुन्हा यंत्रावर लावलेस. तुझ्या त्या मुंगीच्या अक्षरात आकडे आहेत. तांबं निम्म्यावर आलेलं, आणि मुखेडचं लातूरशी जुळत नाही. जस्त तर नावापुरतंच उरलेलं. खाली एक ओळ, "मायचा खल." तिच्याखाली, "गौतमला सांगणे." ती ओळ खोडून, "व्हायवा झाल्यावर सांगू." तीही खोडून, "पक्का झाल्यावर." त्यानंतर पान कोरं आणि पुढच्या पानावर वेगळ्या शाईनं, "आता राहू दे."

व्हायवाच्या दिवशी पेढ्यांचा बॉक्स तूच आणला होतास. परीक्षकानं विचारलं की तांबं आणि जस्त इतके सारखे कसे, आणि मी उत्तर दिलं, एकच पाणी होतं म्हणून. तू मागच्या बाकावर होतास. मी वळून बघितलं तर तू खिडकीबाहेर बघत होतास. मला वाटलं, तुझे डोळे भरून आलेत.

त्या आकड्यांवर मी नोकरीत पक्का झालो. पंचवीस वर्षं निळ्या खडूनं फळ्यावर ते तळं काढलं. पोरांच्या सहली किनवटच्या ओढ्यात नेल्या आणि सांगितलं, आपण तळ्याच्या उत्तर काठावर उभे आहोत. त्यातली काही पोरं आज स्वतः मास्तर आहेत आणि तेच सांगत असतील. तुला हे सगळं दिसत होतं. दर दिवाळीला तू माझ्या घरी फराळाला बसायचास आणि दिसत होतं.

शिवाय वर वाद घालायचास. ह्याचा राग मला सगळ्यात जास्त येतो. भेटलो की तुझं पहिलं वाक्य, "काय मास्तर, तळं का डबकी?" मी म्हणायचो तळं, तू म्हणायचास डबकी. "अरे किनवट कुठं, लातूर कुठं, मधी किती चढउतार हाय, पाणी काय एस्टीनं गेलं का?" बसस्टँडच्या कँटीनवाल्याचेही आपले मुद्दे पाठ झाले होते. आपण म्हणायचो, आपला हा खल मरेपर्यंत चालायचा. तो शब्द तुझ्या तोंडून कसा निघायचा रे? तीस वर्षं आपण तळ्याचा खल केला आणि खलाची गोष्ट तेवढी तू काढली नाहीस. तुझ्या खिशात पुरावा होता आणि तू माझ्याशी वाद घालत होतास. ह्याला वाद म्हणत नाहीत, खेळवणं म्हणतात. लहान पोराबरोबर पत्ते खेळताना मोठी माणसं हरतात ना, तसा तू हरत होतास.

का लपवलंस ते मला कळतं. न कळायला मी दगड नाही. माझी नेमणूक झाली तेव्हा स्टाफरूममध्ये एक जण म्हणाला होता, "ह्यांना काय, आयतंच मिळतं." तू त्या दिवशी मला भेटायला आला होतास, दारात उभा होतास. त्याची कॉलर धरलीस, टेबलावरचे कप फुटले. मी तुला ओढत बाहेर नेलं. किती दिवस मी ही गोष्ट अभिमानानं सांगत आलो की माझ्यासाठी एक पाटलाचा पोरगा पाटलाच्या पोराच्या अंगावर गेला. तुला वाटलं असणार, प्रबंध खोटा निघाला की त्या माणसाला रान मोकळं मिळेल. म्हणून झाकलंस. दया आली तुला माझी.

पण बालाजी, माझी चूक मला पेलणार नाही, हे तू परस्पर ठरवलंस. तुझ्या शास्त्रात आणखी कुणाची चूक सापडली असती तर तू रात्रीचा जाऊन त्याला उठवलं असतंस, मी ओळखतो तुला. मला मात्र झोपू दिलंस. त्या माणसाशी तू भांडलास आणि घरी जाऊन त्याचंच खरं मानलंस. तो म्हणाला होता की मी बरोबरीचा नाही. तू ते प्रेमानं केलंस, एवढाच फरक. दगा शत्रूकडून झाला असता तर मला सोसायची सवय होती.

मला सांगितलं असतंस तर काय झालं असतं? व्हायवा लांबला असता. दोन वर्षं आणखी दगड कुटले असते, अकीकमध्ये. नोकरी कदाचित गेली असती, कदाचित नसती. डबकी तर डबकी, मी डबक्यांवर प्रबंध लिहिला असता आणि तो माझा असता. बापाला सांगताना जीभ अडली असती, तरी सांगितलं असतं. तो खडी फोडणारा माणूस होता, एक घाव चुकला म्हणून त्यानं कधी घण टाकला नव्हता.

माय तेराव्याला नव्हती. ती आता थोरल्याकडं गावीच असते, डोळ्यांना कमी दिसतं, तिला प्रवास झेपला नसता. परवा मी तिच्याकडं जाऊन आलो. जाताना खल घेऊन गेलो. तुला आठवत असेल, मी कधीही तुमच्या ओसरीवर आलो की तिचा ठरलेला प्रश्न असायचा, "माझा खल कवा आणतूस रं?" आणि तू तिच्यावर खेकसायचास, "फुटला म्हणलं ना माय, कितीदा सांगू." मी हसायचो. फुटला हे मीही मानून चाललो होतो. पितळाचा खल फुटत नाही, एवढासुद्धा विचार मी तीस वर्षांत केला नाही. म्हणजे पितळ हा धातू मी दोनदा विसरलो. हा माझा वाटा.

मी खल तिच्या मांडीवर ठेवला. तिनं काठावरून बोट फिरवलं, बत्त्याची मूठ चाचपली.

"हा घे माय तुझा खल."

"कुठं गावला?"

"बालाजीनं ठेवला होता. जपून."

"ठेवला असंल. पितळ फुटतंय का रं कुठं?"

मी म्हणालो, "मग तू सारखी इचारत का होतीस?"

"त्याला एकट्याला कधी न्हाई इचारलं. तू आलास की इचारायची. तुझ्यासमोर इचारलं की त्याचं तोंड उतरायचं. मला वाटायचं, ह्या दोघांत काहीतरी अडकून राहिलंय. लाजंकाजं तरी बोलंल आज न उद्या." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "बोलला का मग?"

मी म्हणालो, "हाव. बोलला."

तुझ्या मायशी मी खोटं बोललो, बालाजी. तिला सोसणार नाही असं मी ठरवलं, तिला न विचारता. तोंडातून शब्द गेला आणि मग कळलं की मी काय केलं. तुला एवढ्यावरून माफ केलं असं समजू नकोस. पण ते किती सोपं असतं, हे मला त्या ओसरीवर कळलं.

मायनं खलाच्या तळाशी बोट घातलं आणि चुटकी चोळून बघितली. "भुकटी हाय ह्यात. धुवून आण, शेंगदाण्याची चटणी कुटते तुला." मी तो न्हाणीपाशी नेऊन धुतला. तळाच्या ओरखड्यांत पांढुरका गाळ बसला होता, तिन्ही ठिकाणचा, एकात एक मिसळलेला. तीन तांबे पाणी ओतलं तेव्हा निघाला. ज्या तळ्यावर मी जन्म काढला ते तेवढंच होतं, मोरीतून वाहून गेलं. चटणी चांगली झाली होती. मी तुझ्या घरी शेवटी जेवलो.

आता तो दगड. वर्तमानपत्रावर तू लिहून ठेवलंयस, "किनवट. कुटला नाही." वहीतही किनवटची जागा कोरी आहे. मुखेड आणि लातूर न जुळल्यावर तू तिथंच थांबलास. आणि त्या दोन्हींचासुद्धा एकेकच नमुना केलास, एकावरून काही ठरत नाही हे तूच मला शिकवलं होतंस. म्हणजे खोटं उत्तर झाकताना तू खरा प्रश्नही झाकून ठेवलास. डबकी होती हेही तुला पुरतं माहीत नव्हतं. तुला फक्त एवढं माहीत होतं की माझं उत्तर चुकलंय.

विद्यापीठाला मी पत्र लिहिलंय की माझ्या प्रबंधातलं तांबं आणि जस्त एका पितळी खलातलं होतं. खल कुणाचा, कुणी सुचवला, कुणी मान डोलावली, सगळं लिहिलंय. तुझी वही सोबत जोडलीय. लोक हसतील, हसू देत. तो स्टाफरूममधला जिवंत असेल तर त्यालाही कळू दे. माझ्या एका विद्यार्थ्याकडं अकीकचा खल आहे, चांगलं यंत्र आहे. सोमवारी मी किनवटला जाऊन ओढ्यातून नवे दगड काढणार आहे, मग मुखेडला, मग तुमच्याच विहिरीत. दोर धरायला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. तू ठेवलेला दगड सगळ्यात आधी कुटीन, माझ्या हातानं.

तळं निघेल, नाहीतर डबकी निघतील. जे निघेल ते मी छापीन. तुला कळवायची मात्र आता काही सोय नाही. मला कळवायची सोय तुझ्याकडं तीस वर्षं होती.

गौतम